मला ऐकू न आलेलं माझं गाणं

देवीवरचा माझा विश्वास उडाला होता, हे आधीच सांगून टाकते. उडाला म्हणजे मी कुणाशी वाद घातला नाही, की देवपूजा सोडली नाही. सकाळी दिवा लावत होते, फुलं वाहत होते, पण हात जोडले की मनात काहीच येत नव्हतं. आमच्या घराचं कुलदैवत माहूरची रेणुका. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून नवरात्रात देवीची पदं मीच म्हणत आले. जळकोट तालुक्यातलं आमचं गाव लहान, आरतीला सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघून सूर धरायच्या. आणि देवीनं माझ्याकडून काही घ्यायचं ठरवलं तर नेमके कान घेतले. पाय घेतले असतेस तर बसून गायले असते, असं मी तिला किती वेळा म्हटलं असेल. पुढं तेही म्हणायचं सोडून दिलं.

चार वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता. पंधरा दिवस अंथरुणावर होते. ताप उतरला, पण कानात रातकिड्यासारखा आवाज सुरू झाला तो थांबेचना. मग वर्षभरात एकेक आवाज गेला. आधी पाखरांचा, मग कुकरच्या शिट्टीचा, मग फोनवरच्या माणसांचा. एक दिवस गाय समोर उभी राहून हंबरत होती, तिचं तोंड उघडलेलं दिसत होतं आणि मला काही ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी मी गोठ्यातच खाली बसले. लातूरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. नस सुकली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. कानाला मशीन लावून बघितली, पण तिच्यातून माणसाचा शब्द यायचा नाही, भांडी आपटल्यासारखा नुसता गोंगाट यायचा. महिन्याभरात ती मी डब्यात घालून ठेवली. पुढं दिव्यांगाचा दाखला मिळाला. त्यावरच्या फोटोत मी अगदी धडधाकट दिसते. तेच तर अवघड होतं. आंधळ्या माणसाला कुणीतरी हात देतं, पांगळ्याला एसटीत जागा देतात. बहिऱ्या माणसाला लोक हसतात, नाहीतर त्याच्यावर चिडतात.

घरातली माणसं वाईट नव्हती. मालक मुळातच कमी बोलणारे. एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगायची त्यांना लाज वाटायची, शेजारी ऐकतात म्हणून. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. जेवायला चल, दार लाव, एवढं हातानं सांगायचे. सून सारिका नवी होती, तिला वाटायचं आपण ओरडून बोललो तर सासूला उलट बोलल्यासारखं दिसेल. संध्याकाळी ओसरीवर सगळे बसायचे, कशावरून तरी हसायचे. मी विचारायची, काय झालं? तर समोरचा हात हलवून म्हणायचा, काही न्हाई. ओठांवरून अचूक ओळखायला मी पहिल्यांदा शिकले तो शब्द हाच. काही न्हाई. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. कुणाचं तरी वासरू सुटलं असेल, कुणी तरी चहात मीठ टाकलं असेल. पण माणूस घरात राहतं ते असल्या काही न्हाईच्या आधारावरच, हे मला तेव्हा कळलं.

सोयाबीन काढायला गेले की बायकांच्या ओळीत बसायची. सगळ्या हसल्या की मीही हसायची, जरा मागून. एकदा मी हसले आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. शेजारची बाई तिच्या वडिलांच्या दुखण्याचं सांगत होती, म्हणे. सांगता सांगता तिचं तोंड वाकडं झालं होतं, ते मला हसल्यासारखं वाटलं. मी तिचे पाय धरले. तिनं काही मनात ठेवलं नाही, पण त्या दिवसापासून मी ओळीच्या शेवटाला, सगळ्यांकडं पाठ करून बसायला लागले.

माझं माहेर निलंग्याचं. गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आई वारली. मी वेळेवर पोचले होते. भाऊ उशाशी, मी हाताशी. जायच्या आधी आईचे ओठ हलले. माझ्याकडं बघून हलले. मी खाली वाकले, तिच्या तोंडाजवळ कान नेला, आणि कान न्यायचा काय उपयोग हे ध्यानात येऊन पुन्हा तोंड वर केलं, तोवर ओठ थांबले होते. भावाला विचारलं, काय म्हणली आई? त्यानं मान हलवली. काही न्हाई. मला वाटलं, आईचं शेवटचं बोलणंसुद्धा मला सांगायचा यांना कंटाळा आला.

त्यानंतर माझ्यातलं काहीतरी बसलंच. भाकरी थापायची, पण खायची इच्छा व्हायची नाही. दुपारी भिंतीकडं तोंड करून पडायची. कुणी आलं तरी उठायची नाही, कारण कुणी आलेलं कळायचंच नाही. आमच्या मळ्यात विहीर आहे, तिच्या काठाशी जाऊन बसायची सवय लागली. तिथं बसलं की एकच विचार यायचा: मी नसले तर घरात कुणाला ओरडावं लागणार नाही. हा विचार मला भीतिदायक वाटत नव्हता, उलट त्यानं बरं वाटायचं, आणि त्याचीच आता आठवण झाली की अंगावर काटा येतो. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कुणाला आणि कुठल्या आवाजात? माझा आवाज किती मोठा निघतो, किती बारीक, हे मला कळायचं बंद झालं होतं. म्हणून मी बोलणंही कमी केलं होतं.

नातवाचं जावळ काढायचं होतं. ते माहूरला देवीच्या दारीच काढायचं, असा घरचा रिवाज. मार्गशीर्षातला मंगळवार धरून मुलानं क्रुझर ठरवली. मालक, मुलगा, सारिका, बाळ, माझी धाकटी जाऊ आणि मी. मी घरी राहते म्हटलं तर मालकांनी डोळे वटारले. नांदेड सोडल्यावर पुढं लांबचा रस्ता. गाडीत सगळे बोलत होते, बाळ टाळ्या वाजवत होतं, ड्रायव्हरनं काही गाणी लावली असावीत कारण जाऊबाईंची मान हलत होती. मी खिडकीशी बसून कापसाची शेतं बघत गेले. एवढ्या माणसांत बसूनही मी त्या गाडीत नव्हतेच.

गडाच्या पायथ्याशी जावळ निघालं, बाळ रडून लाल झालं. मग आम्ही पायऱ्या चढून वर गेलो. गर्दी होती. आत आरती सुरू झाली तेव्हा चहूबाजूंनी तोंडं उघडत होती, हात वर होत होते. संबळाचा ठोका छातीत बारीक जाणवत होता. किती वर्षं याच आरतीत माझा आवाज सगळ्यांच्या पुढं असायचा. मी ओठ उघडून बघितले. आतून काही आलं नाही. देवीकडं न बघताच मी मागं फिरले, माणसांतून वाट काढत बाहेर आले आणि पायऱ्या उतरत सुटले. आपण कुणाला सांगून आलो नाही हे मला माहीत होतं. सापडू नये असंच वाटत होतं, खरं सांगायचं तर. ते मला हाका मारतील आणि मला ऐकू येणार नाहीत, एवढाच माझा सूड होता.

अर्ध्यावर आले तशी एका दुकानाच्या कडेला बसले. माहूरला देवीचा प्रसाद म्हणून तांबूल देतात. विड्याची पानं, सुपारी, कात, बडीशेप असं सगळं लोखंडी खलात कुटून करतात. त्या दुकानात एक म्हातारी बाई कुटत होती. मी पाठ करून बसले होते, तरी मला तिचं कुटणं कळत होतं. ठोका दगडातून येत होता, बुडाखालच्या पायरीतून सरळ पाठीच्या कण्यात. किती तरी दिवसांनी बाहेरचं काहीतरी माझ्यापर्यंत आपणहून आलं होतं. मी तिथून हलले नाही.

थोड्या वेळानं ठोका थांबला. मी वळून बघितलं तर म्हातारी काहीतरी विचारत होती. मी कानाला हात लावून मान हलवली. यानंतर माणसं काय करतात ते मला पाठ होतं. काही मोठ्यानं ओरडतात, काही दुसरीकडं बघतात. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. बत्ता खाली ठेवला, उठून माझ्यासमोर आली, उजेडात बसली, तोंडावर आलेला पदर मागं सारला आणि सावकाश, हात हलवत बोलली. कुणाबरोबर आलीस? मी सांगितलं, घरचे वर आहेत. रुसून आलीस? यावर माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. असं समोर बसून बोलायचं तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. तिची मुलगी जन्मापासून ऐकत नाही, असं तिनं सांगितलं. आता तिचं लग्न झालंय, किनवटला असते. मुलीनंच आईला बोलायला शिकवलं म्हणायचं.

मग ती खांदा चोळत परत जागेवर बसली आणि बत्ता माझ्यापुढं केला. दुखतो म्हणाली, जरा कूट. मी कुटायला लागले. आधी नुसतेच घाव पडत होते. मग हाताला वजन कळलं, आणि ठोका मनगटातून कोपरात, कोपरातून छातीत यायला लागला. पान ठेचल्याचा वास सुटला. किती वेळ गेला सांगता येत नाही. कधीतरी माझ्या लक्षात आलं की गळ्यात काहीतरी थरथरतंय. म्हातारी पानं पुसायची थांबून माझ्याकडं बघत होती. पायरीवरच्या दोघी-तिघीही थांबल्या होत्या. मी एकदम गप्प झाले.

"मी गात होते का?"

"हाव," ती म्हणाली.

"सुरात होतं का?"

तिनं जरा विचार केला. ती खोटं बोलली असती तर मी उठून गेले असते.

"कवा होतं, कवा न्हवतं," ती म्हणाली. "पर बाई, गानं तुला ऐकायचं हाय का आईला?"

शेवटचा शब्द मला ओठांवरून कळला नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सावकाश सांगितलं आणि वरच्या कळसाकडं बोट केलं.

हे लिहिताना एवढंच सांगते की त्या बोटाकडं बघताना माझ्या अंगातलं गोठलेलं सगळं सुटलं. कान आल्याचा चमत्कार झाला नाही. आजही मला काही ऐकू येत नाही. पण इतकी वर्षं मी माझं गाणं ऐकायला गात होते, बायकांच्या माना हललेल्या बघायला गात होते, हे मला तिथं दिसलं. जिच्यासाठी म्हणून गायले, तिचे कान कुठं गेले होते? मी बत्ता उचलला आणि सासूबाईंनी शिकवलेलं एक अख्खं पद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. कसं म्हटलं ते मला माहीत नाही.

पद संपलं तेव्हा सारिका पायऱ्या उतरून धावत येताना दिसली. तिच्या मागं मुलगा. तासभर ते माझं नाव घेऊन हाका मारत होते. सारिका रडत होती आणि रडत रडत भराभर बोलत होती, खाली मान घालून. मला एक अक्षर कळत नव्हतं. म्हातारीनं उठून तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड माझ्याकडं वळवलं. "असं," ती म्हणाली. "असं बोलायचं. लेकराशी बोलतीस न्हवं? तसं." सारिका मग सावकाश म्हणाली, आत्याबाई, मी भ्याले होते. लग्न होऊन आल्यापासून तिचं एक अख्खं वाक्य मला पहिल्यांदा कळलं.

खरी गोष्ट परतीच्या वाटेवर झाली. सारिका माझ्याशेजारी बसली होती, बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. तिनं माझा हात धरला होता. माझं मन भरून आलं होतं आणि मला वाटलं, हिला सांगावं. मी तिच्या कानाशी वाकले आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, की मी रोज विहिरीवर का जाऊन बसते. निदान मला तरी तो हळू आवाज वाटला. बोलून मी मान वर केली तर गाडी थांबलेली होती. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला होता. मुलगा वळून बघत होता. ड्रायव्हरनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती आणि तो समोर बघत बसला होता. मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले होते.

शरमेनं मला वाटलं, आत्ताच्या आत्ता खाली उतरून कापसात निघून जावं. पण मालक उतरले. गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आले आणि काच खाली करायला लावली. त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. एवढ्या जवळून त्यांना मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. दाढी सगळी पांढरी झाली होती.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही तरी मला काय सांगत होता?" मी म्हणाले.

ते खिडकीच्या काठावर कपाळ टेकवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. माझा हात आपोआप त्यांच्या डोक्यावर गेला. नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायची आमच्याकडं रीत नाही, सुनेसमोर तर नाहीच, पण तेव्हा कुणी रीत बघितली नाही. माझ्या कानांनी मला फसवलं नसतं, माझा आवाज मला ऐकू आला असता, तर ती गोष्ट सारिकाच्या कानातच राहिली असती, आणि त्या पोरीनं एकटीनं तरी ती किती दिवस वाहिली असती? याला मी काय म्हणू ते मला कळत नाही. मी कृपा म्हणते.

त्या आठवड्यात मळ्यातल्या विहिरीवर मालकांनी लोखंडी जाळी बसवून घेतली. सारिका मला लातूरला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. गावात कुजबुज झाली असेल, ती ऐकू न येण्याचा तेवढा फायदा मला झाला. तिथल्या डॉक्टरबाई वहीत प्रश्न लिहायच्या, मी खाली उत्तर लिहायची. सातवीपर्यंतची शाळा इतक्या वर्षांनी कामी आली. देवीवर भरवसा ठेवू की गोळ्यांवर, असं मी एकदा लिहिलं. त्यांनी लिहिलं, दोन्हींवर ठेवा, पण गोळी चुकवू नका. सात-आठ महिने गोळ्या घेतल्या. झोप यायला लागली, भाकरी गोड लागायला लागली.

आईच्या वर्षश्राद्धाला निलंग्याला गेले तेव्हा भावाला समोर बसवलं आणि पुन्हा विचारलं. आई काय म्हणली होती? जे असेल ते सांग, वाईट असलं तरी चालेल. तो मग म्हणाला, "आक्का, मलाबी न्हाई कळलं गं. तिची जीभ जड पडली होती. आवाजच न्हाई निघाला." त्या खोलीत त्या घडीला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. आणि वर्षभर मी त्याला मनात दोष देत होते, तो बिचारा वर्षभर तेच ओठ आठवत होता. आम्ही दोघं मग पुष्कळ रडलो.

सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सारिका विसरते, चुलीकडं तोंड करून बोलत राहते. मालक दमले की अजून हातानंच सांगतात. लग्नकार्यात गेलं की मी पहिल्यासारखीच कोपऱ्यात बसते. बहिरेपणाचं एकटेपण संपत नाही, ते रोज सकाळी माझ्यासोबत उठतं. फरक एवढाच की आता कुणी काही न्हाई म्हटलं की मी त्याचा हात धरते आणि म्हणते, ते काही न्हाईच सांग मला. बहुतेक वेळा सांगतात. बहुतेक वेळा ते खरंच फुसकं असतं, आणि मी उशिरा, एकटीच हसते. नवरात्रात पदं म्हणायला पुन्हा बसले. सारिका माझ्या गुडघ्यावर ठेका धरते. सूर गेला की काही पोरी तोंड फिरवून हसतात, ते दिसतं मला. मी गात राहते.

गेल्या मार्गशीर्षात पुन्हा माहूरला गेलो. पायऱ्या चढताना त्या दुकानाशी थांबले. म्हातारी तिथंच होती, कुटत होती. मी समोर जाऊन बसले, नमस्कार केला. तिनं माझ्याकडं बघितलं, कानाकडं केलेली माझी खूण बघितली, पदर मागं सारला आणि सावकाश विचारलं, कुणाबरोबर आलीस? तिनं मला ओळखलं नव्हतं. क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, ती हे करते तेव्हा उपकार म्हणून करत नाही, तिचं समोर येऊन बसणं रोजचंच आहे. मी आठवण करून दिली नाही. सगळे वर आहेत, म्हणाले. मी पण चालले.

त्या दिवशी गाभाऱ्यात मी मान खाली घातली नाही. माहूरच्या आईला देह नाही, हात नाहीत, पाय नाहीत. शेंदरानं माखलेलं नुसतं मोठं मुख आहे, आणि ते सरळ आपल्याकडं बघतं. मागची रांग ढकलत होती, पुजारी पुढं व्हायची खूण करत होते. मी तिच्याकडं कान मागितले नाहीत. ती समोर होती, तिचं तोंड माझ्याकडं होतं. माझ्यासारखीला कुणाकडूनही याहून जास्त काय लागतं? मी हात जोडले, आणि किती वर्षांनी मनात काहीतरी आलं. ते मी मोठ्यानं म्हटलं की हळू, ते मला ठाऊक नाही.